लिफ्टमध्ये अडकू नये म्हणून: एआरडी

वळवाच्या पावसात वीज गेली की गंगापूर रोडच्या सोसायट्यांत लिफ्ट अधेमधे अडकते. तिथे एआरडीचे (ऑटोमॅटिक रेस्क्यू डिव्हाइस, म्हणजे वीज गेल्यावर लिफ्टमधल्यांची सुटका करणारी यंत्रणा) पैसे वसूल होतात: ती काही सेकंदांत बॅटरीवर केबिन सावकाश जवळच्या मजल्याला लावते आणि ऑटोमॅटिक दार उघडते. दार नीट बंद असल्याचं सांगणारा लॉकचा काँटॅक्ट तुटला असेल तर मात्र केबिन हलत नाही, आणि तेच सुरक्षित आहे.

खरं दुखणं बॅटरीचं. सीलबंद लेड-ॲसिड बॅटऱ्या साधारण २-३ वर्षांत मान टाकतात. गच्चीवरच्या तापलेल्या मशीनरूममध्ये त्याआधीच. मीटरवर १२ व्होल्ट दिसले म्हणून निर्धास्त राहू नका, लोड आल्यावर ते कोसळतात. सर्व्हिसवाल्याकडून रिकामी लिफ्ट दोन मजल्यांमध्ये असताना वीज तोडून चाचणी करून घ्याच. जनरेटर असला तरी एआरडी हवीच.