व्हिएन्नाची रिंग की बुडापेस्टचा आंद्राशी रस्ता, एकच संध्याकाळ असेल तर कुठे चालायचं?

सेंट्रल युरोपची ट्रिप म्हटलं की व्हिएन्ना आणि बुडापेस्ट जोडीनेच येतात, मधे ट्रेनचे जेमतेम अडीच-पावणेतीन तास. आणि दोन्हीकडे १९व्या शतकातला एकेक भव्य रस्ता आहे जो ग्रुप टूरवाले बसच्या खिडकीतूनच दाखवतात. बसमधून नका बघू, प्लीज. दोन्हीसाठी वेळ नसेल तर माझं मत आधीच सांगते: निव्वळ चालण्याचा आनंद हवा असेल तर बुडापेस्ट, इमारती मनसोक्त बघायच्या असतील तर व्हिएन्ना.

फरक मुळातच आहे. व्हिएन्नाभोवती तटबंदी होती, ती पाडायचा हुकूम सम्राट फ्रान्झ जोसेफने डिसेंबर १८५७ मध्ये काढला, आणि तट आणि त्याबाहेरची मोकळी जमीन मिळून जो पट्टा रिकामा झाला त्यावर रिंग हा रस्ता आला. १ मे १८६५ ला उद्घाटन, लांबी साधारण सव्वापाच किमी, रुंदी ५७ मीटर. म्हणजे रस्ता जुन्या शहराला वळसा घालतो, सतत थोडा थोडा वळत राहतो, त्यामुळे पुढे काय आहे ते लांबून दिसत नाही. ऑपेरा, मग दोन जुळी म्युझियम्स, मग ग्रीक देवळासारखी पार्लमेंट, मग उंच टोकदार मनोऱ्याचं टाउन हॉल, त्याच्यासमोर बुर्गथिएटर, मग युनिव्हर्सिटी... एकेक इमारत इतकी मोठी की दुसऱ्यापर्यंत पोचता पोचता पाय बोलायला लागतात आणि शेजारून ट्रॅम, गाड्या, सायकली चालूच. सायकल ट्रॅक फूटपाथला लागूनच आहे हां, फोटो काढताना मागे सरकू नका.

आंद्राशी ऊत (ऊत म्हणजे रस्ता) उलटा आहे. तो मुद्दाम सरळ आखलेला, शहराच्या मध्यापासून सिटी पार्ककडे जाणारा, १८७६ मध्ये खुला झाला, लांबी अडीच किमीच्या आत. सुरुवातीला दोन्ही बाजूंना चिकटून चिकटून उंच इमारती, खाली दुकानं, कॅफे, डावीकडे मिक्लोश यब्लने बांधलेलं ऑपेरा (१८८४). ओक्टोगोनचा आठ कोनांचा चौक ओलांडला की रस्ता रुंद होतो, झाडांच्या रांगा वाढतात, आवाज कमी होतो, आणि कोदाय चौकानंतर तर बागांमधले बंगलेच. समोर हीरोज स्क्वेअरचा खांब, वर गॅब्रिएल देवदूत, तो हळूहळू मोठा होत जातो. चालणाऱ्याला कुठेतरी पोचतोय ही भावना हवी असते, ती इथे प्रत्येक पावलाला मिळते. रिंगवर ती मला कधीच मिळाली नाही.

आणि इथे पायाखाली मेट्रो धावतेय, १८९६ ची, युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली. एवढ्या देखण्या रस्त्यावर ट्रॅमचे रूळ नकोत म्हणून ती जमिनीखाली नेली, आणि म्हणूनच आजही हा रस्ता शांत आहे. स्टेशनं अगदी उथळ, थोड्या पायऱ्या उतरलं की पिवळी छोटीशी गाडी. एक लक्षात ठेवा, दोन दिशांची प्रवेशद्वारं बहुतेक ठिकाणी रस्त्याच्या दोन वेगळ्या बाजूंना असतात, उतरण्याआधी बोर्ड वाचा. रस्ता आणि ही मेट्रो दोन्ही २००२ पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

पण आंद्राशी नुसता सुंदर नाहीये. ६० नंबरची इमारत आधी हंगेरीतल्या नाझीधार्जिण्या अॅरो क्रॉस पक्षाचं मुख्यालय होती, मग कम्युनिस्ट गुप्त पोलिसांचं. आज तिथे हाउस ऑफ टेरर म्युझियम आहे, बाहेरच्या भिंतीवर बळी गेलेल्यांचे छोटे छोटे फोटो, डोळ्यांच्या उंचीवर. आत जायला वेळ नसला तरी त्या भिंतीपाशी थांबाच. १९५० मध्ये या रस्त्याला स्टालिनचं नाव दिलं होतं, १९५६ च्या उठावात ते गेलं, मग आणखी नावं आली, आणि १९९० मध्ये परत आंद्राशी. (म्युझियम सोमवारी बंद.)

आता व्हिएन्नाची बाजू, कारण तिथे काही बाबतीत बुडापेस्टला उत्तरच नाही. सोबत आई-बाबा असतील, गुडघ्यांचा प्रश्न असेल तर रिंगच घ्या, ट्रॅम रस्त्याच्या पातळीवरच मिळते, पायऱ्यांचा त्रास नाही, आणि फोल्क्सगार्टन, बुर्गगार्टन, स्टाटपार्क अशा बागा वाटेतच आहेत, दमलं की बसायचं. स्टाटपार्कमध्ये योहान श्ट्राउसचा सोनेरी पुतळा आहे. पाऊस आला तर म्युझियम हाताशी. फक्त कुठलीच एक ट्रॅम पूर्ण गोल फिरत नाही, १ आणि २ नंबर मिळून बराचसा भाग होतो. आणि संगीताचं वेड असेल तर ऑपेरात उभं राहून ऐकायची स्वस्त तिकिटं मिळतात, हे एकच कारण व्हिएन्ना निवडायला पुरेसं आहे. ते ऑपेरा बांधणाऱ्या दोघा आर्किटेक्टना इतकी टीका सहन करावी लागली की फान डेर न्युलने १८६८ मध्ये आत्महत्या केली, त्याचा जोडीदारही त्याच वर्षी गेला, दोघांपैकी कुणीच १८६९ चं उद्घाटन पाहिलं नाही. समोर उभं राहून हे आठवलं की ती इमारत वेगळी दिसते.

रिंग पूर्ण चालायचा हट्ट मात्र धरू नका. ऑपेरापासून युनिव्हर्सिटीपर्यंतचा टप्पा चाला, तोच खरा, डॅन्यूब कॅनॉलकडचा भाग सोडला तरी चालेल. आंद्राशी मात्र पूर्ण चाला, शहराकडून पार्ककडे, उलट नको. दुपारी चारच्या सुमारास निघा, ऑपेरासमोर किंवा लिस्ट चौकात कॉफी घ्या. हीरोज स्क्वेअरच्या मागेच सेचेनी बाथ्स आहेत, गरम पाण्याचे, १९१३ चे. स्विमिंग कॉस्च्युम बॅगेत टाकून निघालात तर संध्याकाळ तिथेच घालवा आणि परत येताना पिवळी मेट्रो पकडा.