गाडी ‘पी’वर सेल्फ उचलत नाही? गिअरबॉक्स उतरवू देऊ नका

ऑटोमॅटिक गिअरची जुनी गाडी ‘एन’वर, म्हणजे न्यूट्रलमध्ये, एका किल्लीत उठत असेल आणि ‘पी’वर, म्हणजे पार्कमध्ये, साधं टकसुद्धा करत नसेल, तर बॅटरी ठीक आहे. सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) ठीक आहे, सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा त्याच्यावरचा स्विच) ठीक आहे, बॉडीचं अर्थिंगही ठीक आहे. यातलं काहीही बिघडलेलं असतं तर ती न्यूट्रलमध्येही उठली नसती. गिअरबॉक्सचा तर या भानगडीशी संबंधच नाही. एवढी गोष्ट लपवून नागपूरच्या एका मिस्त्रीने आमच्या काकांकडून एक लाख पंचेचाळीस हजार रुपये काढले. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. पण पद्धत सांगतो, कारण असे मिस्त्री एकटेदुकटे नाहीत.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, पवनीच्या बाजूला, धानाचं. गाडी 1965 ची शेवरोले इम्पाला, डाव्या हाताच्या स्टेअरिंगची. आजोबांनी ती एसटीसीच्या लिलावातून आलेली म्हणून एका व्यापाऱ्याकडून घेतली होती. वकिलातींच्या वापरलेल्या परदेशी गाड्या त्या काळात स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. आमच्याकडे कोणतीही लांबलचक जुनी गाडी दिसली की लोक तिला इम्पालाच म्हणतात. ही मात्र खरोखरची. 283 घनइंची व्ही-एट इंजिन आणि पॉवरग्लाइड नावाचा दोन स्पीडचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. गिअरचा दांडा स्टेअरिंगच्या खांबावर: पी, आर (मागे जायला), एन, डी (पुढे जायला), एल (पुढचाच, पण हळू आणि जोराचा). वर्षातला बहुतेक काळ ती गोठ्याशेजारच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली असते. धान चुरून झाले, तुळशीचं लग्न लागलं की नात्यागोत्यातल्या नवरदेवांसाठी बाहेर निघते. भाडं घेत नाहीत, पेट्रोल ज्याचं त्याने टाकायचं. (ही भाड्याची गोष्ट पुढे वकिलाकडे फार कामी आली.)

बिघाड हळूहळू आला. आधी ‘पी’वर किल्ली फिरवली की कधी उठायची, कधी नाही. मग दांडा जरा वर रेटून धरला की उठायची. शेवटी ‘पी’वर अजिबातच नाही, पण ‘एन’वर आणला की झटक्यात. काकांना त्याचं काही वाटत नव्हतं. एनवर चालू करायची आणि जायचं. पण लग्नाचा हंगाम तोंडावर होता, ड्रायव्हर दरवेळी वेगळा, म्हणून एका पाहुण्याच्या ओळखीने मिस्त्रीला बोलावलं.

माणूस बोलायला गोड. टाय नाही, पण तोरा टायचा. बॉनेट उघडलं, डिपस्टिक काढून तेल बोटावर घेतलं, हुंगलं आणि मान हलवली. “काकाजी, पॉवरग्लाइड गेला. पार्किंगचा लॉक आतून खाल्ला गेलाय, म्हणून पीवर गाडी करंट घेत नाही. एनवर घेते तेही थोडे दिवस. मग रस्त्यातच बसेल.” त्याचं सामान भारतात मिळत नाही, दुबईहून मागवावं लागेल, आणि दुबईतही एकाकडेच आहे, असंही सांगितलं. साठ हजार ॲडव्हान्स फोनवरून तिथल्या तिथे घेतले आणि दुसऱ्या आठवड्यात गाडी क्रेनने उचलून नेली. चालत असलेली गाडी क्रेनने! नागपूरपर्यंत ती स्वतःच्या पायांनी गेली असती.

‘लॉक खाल्ला म्हणून करंट घेत नाही’ हे वाक्य ऐकायला एकदम तांत्रिक वाटतं, आणि आहे शुद्ध थाप. पार्कचा लॉक म्हणजे गिअरबॉक्सच्या आतला लोखंडी दात. तो चाकांकडे जाणारा शाफ्ट अडवून धरतो. त्या दाताकडे कुठलीही वायर जात नाही. तो तुटला तर पीवर ठेवलेली गाडी उतारावरून घरंगळेल. सेल्फ मात्र बिनतक्रार फिरेल.

पुढचे महिने व्हॉट्सॲपवर गेले. काळं तेल ट्रेमध्ये पडतानाचा व्हिडिओ आला, लोखंडाच्या चुऱ्याचा फोटो आला, कस्टममध्ये अडकलेल्या पार्सलची बातमी आली. पैसे मात्र वेळेवर मागितले गेले. गाडी परत आली तेव्हा पीवर पहिल्या किल्लीत उठली. सगळे खूष. हातात बिल म्हणून कोऱ्या कागदावर चार ओळी: गिअरबॉक्स ओव्हरहॉल 95,000, नवीन सेल्फ 22,000, क्रेन 12,000, मजुरी 16,000. जीएसटी नंबर नाही, शिक्का नाही, सही म्हणजे एक रेघ.

मग लग्न लागलं सावरल्याकडे. वरात उतरली, ड्रायव्हरने गाडी बंद करताना दांडा डीवरच ठेवला. या गाडीची किल्ली डॅशबोर्डवर आहे आणि ती कुठल्याही गिअरमध्ये निघते. थोड्या वेळाने गाडी मागे घ्यायची म्हणून एका पोराने नुसती किल्ली फिरवली. पाय ब्रेकवर नव्हता. एवढी मोठी गाडी एकदम पुढे उसळली आणि खुर्च्यांच्या थप्पीत घुसली. मांडवाचा एक खांब वाकला. बँडवाले तिथून नुकतेच जेवायला उठले होते.

आता हे होताच कामा नये. ऑटोमॅटिक गाडीत सेल्फ फक्त पी आणि एन याच दोन जागी फिरावा, म्हणून किल्ली आणि सेल्फ यांच्यामध्ये एक स्विच बसवलेला असतो. त्याला न्यूट्रल सेफ्टी स्विच म्हणतात. आमच्या गाडीत तो स्टेअरिंगच्या खांबावरच, डॅशबोर्डच्या खाली आहे. किल्लीकडून येणारी जांभळी वायर या स्विचमधून जाते आणि पुढे सोलेनॉइडच्या ‘एस’ टर्मिनलला लागते. दांडा आर, डी किंवा एलवर असला की स्विच वाट तोडतो आणि सेल्फ मुकाट राहतो.

हे आम्हाला समजावलं ते गावाजवळच राहणाऱ्या एका निवृत्त इलेक्ट्रिशियनने. उभी हयात हिंगण्याला एसटीच्या कार्यशाळेत गेलेली. खुर्च्यांचा किस्सा ऐकून ते स्वतःच आले. पहिला प्रश्न त्यांचा: “गिअरबॉक्स फुटला होता म्हनता, मंग एनमंधी कशी उठत होती जी?” कोणाकडेच उत्तर नव्हतं. मग ते ड्रायव्हरच्या पायाशी उताणे झोपले, टॉर्च तोंडात धरला आणि हात वर घातला. स्विचचं सॉकेट मोकळं लोंबत होतं. त्याच्या दोन्ही जांभळ्या वायरी सोलून, पिळून एकमेकींत गुंतवल्या होत्या आणि वरून काळी टेप. टेप इतकी ताजी की बोटाला चिकटत होती. पंचाण्णव हजारांचा ओव्हरहॉल तो हाच. स्विचच गाळून टाकल्यावर गाडी पीवर उठणारच, डीवरही उठणार, आरवरही उठणार.

त्यांनी टेप काढली, वायरी परत सॉकेटला जोडल्या, सॉकेट स्विचला लावलं. टेस्टिंगच्या बल्बची एक वायर सोलेनॉइडच्या एस टर्मिनलवर, दुसरी बॉडीला. मला किल्ली फिरवायला सांगितली. एनवर बल्ब पेटला, पीवर नाही. “आता दांडा वर रेट.” रेटला, तर पेटला. बिघाड तिथेच होता, पहिल्या दिवसापासून. खांबाच्या खालच्या टोकाचं छोटं बुश, म्हणजे आतली कडी, झिजलं होतं, त्यामुळे दांडा पीवर आला तरी स्विचच्या आतला सरकता भाग केसभर अलीकडेच थांबायचा. बुश भंडाऱ्यातल्या लेथवाल्याकडून नायलॉनचं करून घेतलं. स्विचचे दोन स्क्रू सैल करून तो जरासा सरकवला आणि पी व एन दोन्हीवर बल्ब लागेल अशा जागी कसला. बुशचे पैसे दिले, आणि त्यांनी स्वतःसाठी चहाशिवाय काही घेतलं नाही.

मग ते गाडीखाली गेले आणि मलाही बोलावलं. “इकडं पाय.” गिअरबॉक्सच्या तळाच्या पॅनवर आमच्या बांधावरची काळी माती थापलेली होती, वाळून तडे गेलेली. बोल्टांच्या डोक्यांवरून ती अखंड पसरली होती. एकाही बोल्टला पाना लागला नव्हता. ज्याने पॅन काढलं नाही त्याने गिअरबॉक्स उघडला कसा? म्हणजे व्हिडिओतलं काळं तेल भलत्याच गाडीचं होतं. आमचं तेल डिपस्टिकवर अजून लालसर आहे.

सर्वांत जास्त झोंबलं ते सेल्फचं. जुन्या सेल्फच्या अंगावर ‘डेल्को-रेमी’ असं मूळ कंपनीचं नाव कोरलेली पट्टी होती, काका दर दसऱ्याला ती फडक्याने पुसायचे. आता तिथे बिननावाचा, ताजा काळा रंग मारलेला सेल्फ आहे. जो भाग पहिल्यापासून धडधाकट होता तोच बदलला, कारण विकला गेला असता तोच. जुन्या गाड्यांच्या बाजारात मूळ सुट्या भागांना भाव आहे, आणि ‘नवीन टाकला’ हे ते भाग चोरण्याचं सभ्य नाव आहे. आणि दुबईतल्या एकाच दुकानाचं म्हणाल, तर 1965 या एका वर्षात अमेरिकेत दहा लाखांवर इम्पाला विकल्या गेल्या. पॉवरग्लाइड 1950 पासून 1973 पर्यंत बनत होता. त्याचे बुश, गॅस्केट, स्विच आजही तिकडे नवे बनून मिळतात. ‘सामान दुर्मिळ आहे’ म्हणणाऱ्याला दुकानाचं नाव आणि भागाचा नंबर विचारा, तो लगेच विषय बदलतो.

ज्यांच्याकडे जुनी ऑटोमॅटिक गाडी आहे आणि जिचं असं काम कोणीतरी ‘करून दिलं’ आहे, त्यांनी आजच एक तपासणी करावी. समोर-मागे माणूस, जनावर, भिंत नसलेली मोकळी जागा, हँडब्रेक ओढलेला, पायाचा ब्रेक पूर्ण दाबलेला. मग आर, डी आणि एल या तिन्ही जागी क्षणभर किल्ली फिरवा. एका जरी जागी सेल्फ फिरला तर तुमचाही स्विच गाळलेला किंवा बिघडलेला आहे. गाडी गॅरेजला देताना आम्ही आता बोल्ट, सेल्फ, कार्ब्युरेटर, सगळ्यांचे फोटो काढतो, आणि काढलेले जुने भाग परत हवेत हे आधीच लिहून घेतो. सांगतानाच समोरच्याचा चेहरा कळतो.

मिस्त्रीला फोन केला तेव्हा तो आधी हसला. “वायर सेफ्टीसाठी जोडली हो, तुमच्याच सोयीसाठी.” बोल्टांचा फोटो पाठवल्यावर फोन उचलणं बंद. पोलीस ठाण्यात ‘हा तुमचा आपसातला व्यवहार’ म्हणून अर्ज नुसता ठेवून घेतला. मग 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर विचारलं आणि भंडाऱ्यातच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. गॅरेज नागपूरचं असलं तरी 2019 च्या कायद्याने तक्रारदार आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागू शकतो. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. वकिलाने पहिलं विचारलं ते हेच, की गाडी वरातीला भाड्याने देता का. धंद्यासाठी घेतलेल्या सेवेची तक्रार तिथे अडू शकते. भाडं घेत नव्हतो, म्हणून तो अडसर गेला. पक्कं बिल नसलं तरी फोनवरून गेलेल्या पैशांच्या नोंदी, व्हॉट्सॲपचे मेसेज, त्याचा तो तेलाचा व्हिडिओ आणि मातीसकट बोल्टांचे फोटो जोडले आहेत. व्हिडिओ त्याने स्वतःच पाठवलेला, हे बरं झालं.

नोटीस पोचल्यावर त्या पाहुण्याकरवी निरोप आला: सेल्फ ‘सापडला’ आहे, तक्रार मागे घेत असाल तर पाठवतो. काकांनी तो निरोप पाहुण्याकडून लिहूनच घेतला आणि वकिलाकडे दिला. पुढची तारीख लागली आहे.