विदर्भाचा माल कशानं पाठवायचा: समृद्धीवरचा ट्रक की सिंदीची रेल्वे?

वरुडच्या संत्र्याला ट्रकच बरा. बगिच्यात क्रेट भरले की माल थेट मंडईत. मध्ये चढउतार नाही, फळाला मार नाही. ७०१ किमीचा समृद्धी महामार्ग आता नागपूर ते मुंबई सलग आहे.

हिंगणघाटच्या रुईच्या गाठींचं वेगळं. त्या जड, पण दोन दिवस थांबल्या तरी बिघडत नाहीत. त्यांच्यासाठी मला वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे) इथला ड्रायपोर्टच, म्हणजे समुद्रापासून दूर असलेलं, रेल्वेनं बंदरांशी जोडलेलं मालकेंद्रच पटतो. ड्रायपोर्टात कस्टम्स गावाजवळच उरकतं, आणि रुळांनी पश्चिमेला न्हावा शेवा, पूर्वेला विशाखापट्टणम, दोन्ही बंदरं गाठता येतात. दोन्हीकडे वाट असली की एकाच देशावर अवलंबून राहावं लागत नाही; बांगलादेशानं संत्र्यावरचं आयातशुल्क वाढवलं तेव्हा एकाच गिऱ्हाइकावर भिस्त किती महागात पडते ते आपण भोगलंय. फक्त जिनिंगपासून सिंदीपर्यंतचे रस्ते पावसाळ्यातही जड गाड्यांना झेपायला हवेत.