चांगली हार्ड डिस्क ‘मेलेली’ ठरवून लुबाडलं, त्याची हकिकत

लॅपटॉप सुरू केल्यावर काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ आलं आणि बायोसमध्येही (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या, यंत्राचे भाग दाखवणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावरही) हार्ड डिस्कची जागा रिकामी दिसली, की दुरुस्तीवाला बहुतेक वेळा एकच वाक्य टाकतो : "डिस्क गेली, नवी घालावी लागेल." कधी ते खरं असतं. माझ्या बाबतीत धडधडीत खोटं होतं, आणि त्या एका वाक्याच्या जोरावर माझ्याकडून तीनदा पैसे काढले गेले. तपासणीचे, नव्या डिस्कचे आणि जुनीतला डेटा ‘वाचवण्याचे’.

माझी डिस्क अडीच इंची, एक टीबीची, फिरत्या तबकडीची. लॅपटॉपबरोबर आलेली नव्हती, नंतर वेगळी विकत घेऊन बसवलेली, म्हणून तिचा खोका घरात पडून होता. हा खोका पुढे कामाला आला. बंद पडण्याआधी बरेच दिवस लॅपटॉप उचलून दुसरीकडे ठेवला की गोठायचा, बंद करून सुरू केला की पुन्हा नीट चालायचा. मग एक दिवस डिस्क दिसेनाशीच झाली. पण तळहात जिथे टेकतो तिथे कान लावला तर आत तबकडी फिरल्याची बारीक घरघर येत होती. टकटक नाही, खरखर नाही.

हे लक्षण बरंच काही सांगतं. अडीच इंची साटा (डिस्क जोडण्याची एक प्रचलित पद्धत) डिस्कला वीज आणि डेटा एकाच जोडणीतून मिळतात, १५ पिना विजेच्या आणि ७ डेटाच्या. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ही जोडणी मदरबोर्डपर्यंत एका चपट्या, कागदासारख्या पातळ केबलने जाते. ती दुमडून आतली एखादी डेटाची रेघ तुटली किंवा तिचं टोक सैल झालं, तर डिस्कला वीज मिळते, ती फिरते, पण लॅपटॉपला तिचा पत्ताच लागत नाही. यात डिस्कला काहीही झालेलं नसतं. हे मी दुरुस्तीवाल्याला आधीच बोलून दाखवलं होतं. तो हसून म्हणाला, "नेटवर वाचून आलात वाटतं."

त्याने माझ्यासमोरच मागचं झाकण उघडलं, डिस्क काढली आणि ‘मशीनवर लावून बघतो’ म्हणून आत घेऊन गेला. पाच-दहा मिनिटांनी बाहेर येऊन एक डिस्क वायरला लावली आणि माझ्या कानाशी धरली. टक्, टक्, टक्. "ऐका, हेड गेलंय." आवाज खराच होता. हेड, म्हणजे तबकडीवरचा डेटा वाचणारा बारीक भाग, जागेवर बसत नसलं की असाच आवाज येतो, आणि अशी डिस्क पुन्हा पुन्हा चालू केली तर तबकडीवर ओरखडे पडून उरलासुरला डेटाही जातो. त्यामुळे घाबरायला होतं, आणि घाबरलेलं माणूस ‘डेटा काढून द्या’ म्हणतंच. त्याने सांगितलं, डिस्क धूळमुक्त लॅबमध्ये उघडावी लागेल, हेड बदलावं लागेल, खर्च मोठा आहे. डेटा नको असता तर कदाचित तिथेच विषय संपला असता.

काही दिवसांनी नवी एसएसडी (तबकडी नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) बसवलेला लॅपटॉप, एका पेन ड्राइव्हमध्ये ‘वाचवलेला’ डेटा आणि जुनी डिस्क असं सगळं हातात मिळालं. जुनी डिस्क मी हट्टाने मागून घेतली. तो द्यायला नाखूश होता, "भंगारच आहे, काय करणार घेऊन?"

घरी ती टेबलावर ठेवली आणि लगेच खटकलं. ती जाड होती. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्क मुख्यतः दोन जाडीत येतात, ७ मिलिमीटर आणि ९.५ मिलिमीटर. माझ्या लॅपटॉपच्या खाचेत ७ मिलिमीटरचीच बसते. ही ९.५ ची. म्हणजे ही डिस्क माझ्या लॅपटॉपमध्ये कधी असणंच शक्य नव्हतं. मग लेबलवरचा सीरियल नंबर खोक्यावरच्या नंबराशी ताडून पाहिला. एकही आकडा जुळेना.

पेन ड्राइव्हमधला डेटा तर त्याहून बोलका होता. सगळे फोल्डर जसेच्या तसे, फाइलींची मराठी नावं शाबूत, तारखाही जागच्या जागी, एकही फाइल तुटकी नाही. आता हेड बदलूनही असा डेटा मिळू शकतो, नाही असं नाही. पण टकटकणाऱ्या डिस्कमधून सगळंच्या सगळं इतकं अखंड येणं म्हणजे नशीबच म्हणायचं. मला त्यात सरळ कॉपी-पेस्टचा वास आला.

राहिली ‘नवी’ एसएसडी. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम आहे, तो विंडोजमध्ये उघडला. त्यात ‘पॉवर ऑन अवर्स’ अशी नोंद असते, डिस्क आजवर किती तास चालली याची. ती दाखवत होती साडेअकरा हजारांच्या वर. वर्षाचे तास होतात ८७६०. म्हणजे ही नवी कोरी एसएसडी आधीच कुणाच्या तरी यंत्रात दिवसरात्र धरून सव्वा वर्ष राबली होती. (शून्य तास दिसले म्हणजे डिस्क नवी, असंही धरू नका. २०२५ च्या सुरुवातीला सीगेट कंपनीच्या वापरलेल्या एक्सॉस डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं जर्मनीत उघड झालं, त्यांतले तासांचे आकडे पुसलेले होते. डिस्कच्या आतली ‘फार्म’ नावाची दुसरी नोंद तपासली तेव्हा कुठे खरे तास कळले.)

परत गेले ते खोका, ती जाड डिस्क आणि स्क्रीनचा फोटो घेऊनच. आधी आवाज चढला, मग "पोराकडून अदलाबदल झाली असेल" आलं. मी वाद न घालता इतकंच म्हटलं, ही डिस्क आत्ता माझ्यासमोर माझ्या लॅपटॉपमध्ये बसवून दाखवा. बसलीच नाही. थोड्या वेळाने आतून माझी डिस्क आली, माझ्याच नंबराची. लेबल अखंड, लेबलाखालचा स्क्रूसुद्धा कुणी शोधलेला नव्हता. जी डिस्क लॅबमध्ये उघडली म्हणे, तिला स्क्रूड्रायव्हर शिवलाही नव्हता.

साध्या यूएसबी केसमध्ये घालून ती दुसऱ्या संगणकाला लावली आणि क्षणात दिसली. डिस्कच्या आरोग्याच्या नोंदींत बदललेले सेक्टर (डेटा साठवायचे छोटे कप्पे; खराब झाले म्हणून बाद केलेले) शून्य, वाट पाहणारे, म्हणजे खराब असल्याचा संशय असलेले सेक्टर शून्य. मात्र ‘सी-सेव्हन’ क्रमांकाची नोंद, म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेत झालेल्या चुकांची मोजणी, भरमसाट वाढलेली. ती वाढली की पहिला संशय केबलवर घ्यायचा. शेवटी दुसऱ्या एकाकडून नुसती केबल बदलून घेतली, डिस्क परत आत गेली आणि तीच आजही चालते आहे. एसएसडीचे आणि डेटाचे पैसे कुरकुरत का होईना परत मिळाले, तपासणीचे नाही.

तुमची डिस्क दिसत नसेल तर दुरुस्तीला देण्याआधी तिच्या लेबलचा फोटो काढून ठेवा. झाकण उघडता येत नसेल तर दुरुस्तीवाल्याने उघडल्याबरोबर काढा, आणि पावतीवर मॉडेल नि सीरियल नंबर लिहून घ्या. ‘मेलीय’ म्हणाला तर तीच डिस्क, तोच नंबर बघून, तुमच्या डोळ्यांदेखत यूएसबीवर लावायला सांगा. आत नेऊ देऊ नका. आणखी एक प्रकार ऐकण्यात आहे : इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकताना व्हीएमडीचा (डिस्क हाताळण्याच्या इंटेलच्या सोयीचा) ड्रायव्हर दिला नाही, तर डिस्कची यादी कोरी येते. ती कोरी यादी दाखवून चांगली एसएसडी ‘मेली’ ठरवतात. बायोसमध्ये ती नावासकट दिसत असेल तर लगेच मान डोलावू नका.

माझी डिस्क इतके दिवस परक्या हातात उघडी होती. त्यामुळे ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड बदलले, बँकेचा आणि ईमेलचा सर्वांत आधी. ओळखपत्रांच्या स्कॅन प्रतीही त्यात होत्या. त्यांची एक प्रत त्याच्याकडे राहिली की नाही, हे तपासायला माझ्याकडे काहीच साधन नाही.