कोळंबीवर आंबा की अननस?

एप्रिल-मेच्या पुण्यात दुपारी कोळंबीचं कालवण नको वाटतं आणि रवा लावून तळलेली खाल्ली की झोपच येते. मग तव्यावर परतलेली कोळंबी आणि वर फळाचा साल्सा. साल्सा म्हणजे आपली कोशिंबीरच, फक्त दही आणि दाण्याचा कूट नाही. कांदा, मिरची, कोथिंबीर, लिंबू ठरलेलं असतं. गाडी अडते ती फळापाशी. मी आंबा आणि अननस दोन्ही बरेचदा करून पाहिलेत, म्हणून हे लिहायचं धाडस.

नुसत्या चवीवर गेलं तर अननस पुढे आहे, हे आधीच कबूल करतो. आंबटगोड असल्यामुळे लिंबू जेमतेम लागतं, दाताखाली करकरीत राहतं आणि कोळंबीचा गोडसरपणा त्याने उठून दिसतो. शिवाय वर्षभर मिळतं, फळवाला सोलूनही देतो.

आंब्याचं तसं नाही. आंब्याला मोसम आहे आणि कोळंबीलाही. १ जूनपासून आपल्या किनाऱ्यावर पावसाळी मासेमारीबंदी, म्हणजे समुद्राची ताजी कोळंबी आणि आंबा यांची गाठ पडायला दोनेक महिनेच. (तळ्यातली कोळंबी पुढेही मिळते, पण ती मला जरा मिळमिळीत लागते.) त्यात घरचा विरोध. हापूस चिरून त्यात कांदा घालणार आहे म्हटल्यावर आईने पेटीच उचलून आतल्या खोलीत नेली. आणि तिचंच बरोबर होतं. हापूस इतका मऊ असतो की चमचा दोनदा फिरवला की कोळंबीवर आमरस.

तरीही माझं पारडं आंब्याकडे झुकलं, ते एका रविवारमुळे.

पाहुणे पिंपरीहून साडेबाराला येणार होते. अननस चिरताना वाटीभर रस सुटला, तो फेकायचा कशाला, म्हणून मीठ-तिखटाबरोबर साफ केलेल्या कच्च्या कोळंबीला लावून ठेवला. पाहुणे आले दोन वाजता. तवा तापवून कोळंबी टाकली तर ती आखडेचना. एरवी दोन-तीन मिनिटांत इंग्रजी ‘सी’सारखी वळते आणि गुलाबी होते, ही मात्र कडेने भुगा होत गेली. तोंडात घातली तर ओल्या खडूसारखी. मी मनातल्या मनात मासेवालीला शिळा माल दिल्याबद्दल दोष देऊन मोकळा झालो. बिचारीचा काही संबंध नव्हता. न शिजवलेल्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते प्रथिनं तोडतं. अननस जास्त खाल्लं की जीभ चुरचुरते, त्यातही याचा हात आहेच.

यावर कुणी म्हणेल, रस लावूच नका, साल्सा ताटात वाढतानाच घाला. तेही केलं. जेवताना छान लागलं, पण उरलेलं डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवलं आणि रात्री उघडलं तर शिजलेली कोळंबीही वरून पिठूळ. आमच्या घरी रविवार दुपारचं रात्री खाल्लं जातं, त्यामुळे हे मला फारच लागलं. अननसाच्या फोडी तव्यावर चांगल्या भाजल्या की विकर मरतं, डब्यातलं अननस चालतं तेही त्याच कारणाने. पण मग ताज्या फळाचा साल्सा कुठे राहिला?

आंब्यात ही भानगड मला कधी आली नाही. फक्त हापूसचा हट्ट सोडायचा आणि तोतापुरी आणायची, गाडीवर तिखट-मीठ लावून मिळते तीच, अर्धवट पिकलेली. फोडी शेवटपर्यंत फोडीच राहतात, आंबटपणा अंगचाच असतो आणि आईही पेटी लपवत नाही. मीठ मात्र अगदी वाढताना घालायचं, नाहीतर पाणी सुटून वाटीत कांदा पोहतो.

डिसेंबरात कुणी फर्माईश केली तर मीही भाजलेलं अननसच वापरतो आणि कुणी नावं ठेवत नाही. ज्यांच्याकडे पाहुणे वेळेवर येतात आणि मागे काही उरत नाही, त्यांना कदाचित तेच जास्त आवडेल. आमच्याकडे दोन्ही होत नाही.