निंजुत्सू शिबिर, विश्रामबाग (सांगली): पडायला छान शिकवलं, काठीत घाई केली

काळा बुरखा, भिंतीवर चढणं, लोखंडी चांदण्या फेकणं बघायचं असेल तर अडीच हजार रुपये वाचवा. विश्रामबागेतल्या निंजुत्सूच्या, म्हणजे जपानी निंजांच्या युद्धकलेच्या, या दोन दिवसांच्या शिबिरात युरोपातून आलेल्या सरांनी पहिला अख्खा दिवस पडणं, लोळणं आणि उभं राहणं यातच घालवला. काही पोरं दुपारपर्यंत कंटाळली, पण क्रम हाच बरोबर आहे.

शिकवण बुजिनकान या जपानी संस्थेची. जपानमधल्या नोदा शहरातले मासाआकी हात्सुमी यांनी आपले गुरू तोशित्सुगु ताकामात्सु यांच्याकडून मिळालेल्या नऊ परंपरा एकत्र शिकवायला घेतल्या. १९७५ साली अमेरिकेचे स्टीफन हेज त्यांच्याकडे गेले आणि परत जाऊन त्यांनी ही विद्या तिकडे रुजवली. नऊपैकी निंजुत्सूच्या परंपरा तीनच, बाकीच्या बहुतेक सामुराईंच्या हातघाईच्या. त्या तिनांतल्या तोगाकुरे परंपरेच्या वंशावळीवर इतिहासकारांचे आक्षेप आहेत. सरांनी हे दोन्ही पहिल्याच तासाला सांगितलं. असं सांगणारे थोडे.

सांगलीत अशा शिबिराला दोन तऱ्हेची मंडळी येतात, तालमीतली आणि कराटेतली. दोघांच्या चुका वेगळ्या. पैलवान लाल मातीत कोलांटी मारतो ती दोन्ही हात टेकून, सरळ मानेवरून. माती मऊ असते म्हणून ती खपते. पातळ मॅटवर तीच मान धरते. इथली पुढची लोळण, झेनपो काइतेन, तिरकी असते: एका खांद्याच्या मागून पाठीवरून आडवं जात विरुद्ध बाजूच्या नितंबावर. हनुवटी छातीला, नजर खांद्याच्या उलट दिशेला, आणि पुढचा हात कोपरात किंचित वाकलेला, पण कडक. हा हात लुळा पडला की सगळं वजन खांद्याच्या टोकावर येतं आणि गळ्याजवळचं हाड जायची भीती असते. सरांनी आधी एका गुडघ्यावरून, मग उकिडवं बसून आणि शेवटी उभ्यानं लोळायला लावलं. ज्याची पाठ मॅटवर धप्पकन वाजली त्याला मागच्या पायरीवर पाठवलं. हे कडक वाटलं तरी दोन दिवसांत कुणाचा खांदा धरला नाही.

इचिमोंजीच्या पवित्र्यात कराटेवाले अडकतात. त्यांना पुढच्या पायावर भार द्यायची सवय. इथे निम्म्याहून बराच जास्त भार मागच्या पायावर असतो आणि मागचं पाऊल जवळजवळ काटकोनात बाहेर वळलेलं. पाऊल वळवलं पण गुडघा आत कलंडला, तर आतल्या बाजूला कळ येते. गुडघा पायाच्या बोटांच्याच दिशेला हवा. पैलवानांची खोड निराळी: पट काढायच्या सवयीनं कंबरेत वाकून डोकं पुढे. इथे कणा ताठ आणि बसणं गुडघ्यातून. सर प्रत्येकाजवळ येऊन गुडघा हातानं जागेवर आणत होते, त्यामुळे भाषेची अडचण जाणवली नाही.

ओमोते ग्याकु, म्हणजे मनगट बाहेर वळवून पाडणं, बऱ्यापैकी झालं. बहुतेकांनी हाताच्या जोरानं मनगट पिळलं. तगड्या जोडीदारासमोर ते चालत नाही. आधी पाय टाकून हल्ल्याच्या रेषेबाहेर पडायचं, मग कंबरेनं वळायचं, मनगट आपोआप येतं. दुखलं की हातानं थाप द्यायची आणि जोडीदारानं लगेच सोडायचं, हा नियम मात्र सकाळीच सांगायला हवा होता, दुपारी नाही.

दुसऱ्या दिवसाची हानबो, म्हणजे आखूड काठी, फसली. हानबो तीन शाकूंची (शाकू हे जपानी माप), म्हणजे साधारण ९० सेंटीमीटर, आणि अडीच सेंटीमीटरच्या आसपास जाड असते. इथे दिल्या लाठीकाठीच्या बांबूचे तुकडे कापून; लांबी कमीजास्त, दोनतीन तर पेरापाशी चिरलेल्या. चिरलेला बांबू तळहातात कुसळ घालतो आणि मारा अडवताना फुटतो. मनगटाला काठी लावून दाबायचा डाव लांबीवर चालतो, त्यामुळे जोडीजोडीला कोन वेगळा आला. शिवाय ज्यांची लोळण अजून कच्ची होती त्यांना काठीसकट पाडायची घाई कशाला?

मॅट बऱ्या होत्या, पण शहाबादी फरशीवर सरकत होत्या. जोड चिकटपट्टीनं बांधले नाहीत की फटीत अंगठा अडकतो. हॉलला पंखे दोनच. जाड गी (सरावाचा जपानी पोशाख) घालून दुपारी घामाघूम व्हायला होतं, सुती टी-शर्ट आणि ट्रॅकपँट पुरते. अंगठ्याला वेगळा फाटा असलेले ताबी (जपानी पादत्राणं) आताच विकत घेऊ नका, अनवाणी चालतं.

पट्ट्यांचं आमिष दाखवलं नाही हे चांगलं. बुजिनकानमध्ये काळ्या पट्ट्याआधी पुरुषांना हिरवा आणि बायकांना लाल असतो, वर पंधराव्या दानपर्यंत (दान म्हणजे काळ्या पट्ट्याची श्रेणी) वाट जाते, आणि पाचव्या दानला डोळे मिटून बसलेल्यानं मागून येणारा वार चुकवायचा असतो. दोन दिवसांत त्यातलं काही हाती येत नाही. सर गेल्यावर गुडघा तपासणारं इथे कुणी नाही, ही खरी उणीव. आयोजकांनी दर आठवड्याला एक तास फक्त लोळण आणि पवित्रा ठेवला, एखादा अनुभवी ज्युदोवाला देखरेखीला बसवला आणि पुढच्या खेपेला बांबूऐवजी एका मापाच्या लाकडी काठ्या आणल्या, तर अडीच हजार महाग नाहीत. मान किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं असेल त्यांनी तूर्त नाव नोंदवू नये.