मॅट्रिक्सच्या बिलावर स्प्लिटर, तांब्याच्या भावात अ‍ॅल्युमिनियम

नव्या फ्लॅटचं फर्निचर चालू असताना एक कोटेशन हमखास येतं: ‘सगळी यंत्रं हॉलच्या कपाटात, चारही खोल्यांत फोर के, कुठल्याही टीव्हीवर काहीही लावा.’ बसवलं जातं ते वेगळंच, आणि ते कळतं पीओपी होऊन रंग वाळल्यावर. अशी घरं आमच्याकडे दुरुस्तीला येतात. आत जे सापडतं ते लिहितो आहोत, म्हणजे पुढच्याला वेळेत तपासता येईल.

कोटेशनात ‘४ बाय ४ मॅट्रिक्स’ (चार यंत्रांपैकी कुठल्याही यंत्राचं चित्र चारपैकी कुठल्याही टीव्हीवर देणारा डबा) आणि कपाटात १ बाय ४ स्प्लिटर (एकाच यंत्राचं चित्र चार टीव्हींना वाटणारा डबा), हे सर्रास चालतं. डबा उघडायचीही गरज नाही, मागची एचडीएमआय इनपुट मोजा. एकच असेल तर चारही खोल्यांत एकच चित्र दिसणार. त्यातही प्रत्येक टीव्ही आपली क्षमता चित्र पाठवणाऱ्या यंत्राला कळवतो (याला ईडीआयडी म्हणतात) आणि साधा स्प्लिटर बहुधा सगळ्यांत दुबळ्या टीव्हीचं ऐकतो. बेडरूममध्ये जुना १०८०पी (फुल एचडी) टीव्ही असला की हॉलचा फोर के टीव्हीही १०८०पीवर येतो. त्या जुन्या टीव्हीला फक्त स्टिरिओ कळत असेल, तर हॉलमधल्या ५.१ रिसीव्हरचे (पाच स्पीकर आणि एक सबवूफर चालवणाऱ्या यंत्राचे) मागचे स्पीकर गप्प. साखळीतलं एखादं यंत्र एचडीसीपी २.२ (चित्रपटाची नक्कल रोखणारं कुलूप) चालवत नसेल, तर फोर के चित्रपट लावल्यावर पडदा काळा होऊ शकतो. अशा वेळी ‘टीव्हीच खराब आहे’ म्हणून नवा टीव्ही गळ्यात मारला जातो. हे आम्हांला सर्वांत संतापजनक वाटतं.

डीटीएचच्या एका साध्या सेट टॉप बॉक्सवर चार खोल्यांत चार वेगळे चॅनेल दिसत नाहीत. कुणी कबूल केलं तर तिथेच थांबवा.

खरा पैसा केबलमध्ये खाल्ला जातो. खोल्यांपर्यंत चित्र नेणारी कॅट सिक्स (तांब्याच्या तारांची नेटवर्क केबल) म्हणून सीसीए, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार, ओढली जाते. एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आत चंदेरी निघाली की फसवणूक पक्की. केबल पाइपात गेली असेल तर मल्टिमीटर घ्या. एका टोकाला केबलमधल्या एका जोडीतल्या दोन्ही तारा एकत्र पिळा, दुसऱ्या टोकाला त्याच जोडीचा रोध मोजा आणि मीटरच्या वायरींचा रोध वजा करा. ३० मीटरच्या केबलला शुद्ध तांब्याच्या २३ गेज तारेत (गेज म्हणजे जाडीचा आकडा, तो वाढला की तार बारीक) सुमारे ४ ओहम येतात, २४ गेजमध्ये ५. सहाच्या पुढे काटा गेला तर शंका घ्यायलाच हवी. एक्स्टेंडरच्या (एचडीएमआयचं चित्र या केबलवरून दूर नेणाऱ्या डब्यांच्या जोडीच्या) टीव्हीकडच्या रिसीव्हरला वीज याच केबलमधून जात असेल, तर जास्त रोधामुळे व्होल्टेज पडतं आणि रिसीव्हर मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. शिवाय अ‍ॅल्युमिनियमची तार आयओ (भिंतीवरचं नेटवर्क सॉकेट) बसवताना दोनदा वाकवली की तुटते.

एक्स्टेंडरच्या खोक्यावरच्या ‘फोर के’ शब्दावर विसंबू नका. चित्र न दाबता (कॉम्प्रेस न करता) सेकंदाला १०.२ गिगाबिट नेणारा एक्स्टेंडर पूर्ण रंगात फोर के ३० फ्रेमनेच दाखवतो. ६० फ्रेमना १८ गिगाबिट लागतात. एचडीबेसटीच्या (कॅट केबलवरून थेट, जवळपास विनाविलंब चित्र नेणाऱ्या महागड्या पद्धतीच्या) भावात नेटवर्कवरून चालणारा स्वस्त एक्स्टेंडरही खपवला जातो. तो ओळखायला थेट जोडलेल्या टीव्हीवर आणि एक्स्टेंडरवरच्या टीव्हीवर एकच बातमी लावून दारं उघडी ठेवा. स्वस्त एक्स्टेंडरात चित्र दाबून पाठवलेलं असतं, म्हणून त्या टीव्हीचा आवाज मागून येतो. नेटवर्क स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग (व्हिडिओ मागणाऱ्यालाच तो पोहोचवण्याची सोय) नसेल, तर हा मल्टिकास्ट, म्हणजे एकाच वेळी अनेकांना पाठवलेला, व्हिडिओ घराच्या सगळ्या नेटवर्कवर पसरतो आणि वायफाय रांगायला लागतं. दोष मात्र इंटरनेटवाल्यावर जातो.

चाचणी पीओपीच्या आधीच घ्या. फोर के ६० फ्रेमचा स्रोत लावून सगळे टीव्ही एकाच वेळी तासभर चालवा आणि प्रत्येक टीव्हीच्या माहिती पडद्यावर येणारं रिझोल्यूशन व फ्रेम रेट लिहून ठेवा. शेवटचा हप्ता त्यानंतरच. एचडीएमआय केबल भिंतीत घालायचीच असेल, तर केबलचं टोक सहज जाईल एवढा रुंद पाइप आणि आत ओढदोरी मागा, नाहीतर केबल बदलताना भिंत फोडावी लागेल. २३० व्होल्टची वायरिंग वेगळ्या पाइपातून न्यायला सांगा.

‘एव्ही सिस्टिम, १ नग’ असं बिल घेऊ नका. जीएसटी बिलावर प्रत्येक यंत्राचा मॉडेल नंबर, केबलचा गेज आणि ‘शुद्ध तांबं’ हे शब्द हवेत. फसवणूक झालीच असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जाता येतं. ओढलेल्या केबलचा फूटभर तुकडा, वरची छापील अक्षरं दिसतील असा कापून, बिलासोबत जपून ठेवा.